दार्जिलिंग-सिक्कीमला जाताना विमानात खिडकी कुठल्या बाजूची घ्याल?

बुकिंग झालं की दोन-चार दिवसांत फोन येतोच, "खिडकी मिळेल ना हो?" मिळेल. पण कुठल्या बाजूची, हे सहसा कुणी विचारत नाही आणि खरी गोम तिथेच आहे.

आपल्या सहलीचा प्रवास मुंबई ते दिल्ली आणि दिल्ली ते बागडोगरा (दार्जिलिंग-सिक्कीमसाठीचा विमानतळ) असा दोन टप्प्यांत आहे. सीटसाठी जादा पैसे भरायचेच असतील तर दुसऱ्या टप्प्याला भरा. पहिल्या टप्प्यात खुशाल झोप काढा.

दिल्लीहून बागडोगऱ्याला जाताना विमान पूर्वेकडे जातं आणि हिमालय उत्तरेला, म्हणजे डाव्या हाताला राहतो. म्हणून जाताना 'ए' (डावीकडची खिडकी) आणि परत येताना 'एफ' (उजवीकडची). विमानात शिरल्यावर मात्र हमखास घोटाळा होतो. पुढच्या दाराने आत आलात की तुमचं तोंड शेपटीकडे असतं, त्यामुळे 'ए' उजव्या हाताला दिसते. गोंधळू नका, सीटवरचं अक्षर बघा.

रांगही महत्त्वाची. साधारण दहाव्यापासून विसाव्या रांगेपर्यंत खाली पंखच दिसतो. पुढच्या रांगा महाग असतात. तेवढे पैसे घालायचे नसतील तर सरळ मागे, तेविसाव्या रांगेच्या पलीकडे बसा. इंजिनाच्या गरम हवेमुळे तिथून फोटो थोडे थरथरल्यासारखे येतात, पण डोळ्यांना काही फरक पडत नाही. विमान बोईंग ७३७ असेल तर डाव्या बाजूची नववी ते अकरावी रांग टाळा. वातानुकूलनाची नळी भिंतीतून जात असल्याने तिथल्या एखाद्या 'खिडकीच्या' सीटला खिडकीच नसते. पैसे भरून प्लॅस्टिकची भिंत बघत बसावं लागतं.

हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेकडून आधी धौलागिरी, मग अन्नपूर्णा आणि मनास्लू अशी रांग लागते. एव्हरेस्ट (८,८४९ मीटर) उतरण्याआधीच्या अर्ध्या तासात येतं आणि बरेच जण ते ओळखतच नाहीत. कारण ते सगळ्यांत उंच वाटत नाही! ल्होत्से-नुप्त्से या शेजारच्या शिखरांच्या लांबलचक भिंतीमागून त्याचं फक्त काळपट त्रिकोणी टोक वर आलेलं असतं. वाऱ्याने तिथला बर्फ उडून जातो, म्हणून ते काळं दिसतं. त्याच्या पूर्वेला मकालू. मग थोडी मोकळी जागा आणि शेवटी एकटाच पसरलेला कांचनजंगा (८,५८६ मीटर). तो ओळखायला कुणाला विचारावं लागत नाही.

सकाळचं विमान मिळालं तर सोन्याहून पिवळं. सूर्य उजवीकडे, म्हणजे तुमच्या पाठीशी असतो, त्यामुळे डोळ्यांवर ऊन येत नाही आणि शिखरं उजळलेली असतात. दुपारपर्यंत ढग चढतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरला तोड नाही. एप्रिल-मेमध्ये धुरकट हवेने बऱ्याचदा निराशा होते, हे आधीच सांगून ठेवतो. कोलकात्याहून जाणाऱ्यांनी बाजूची फार चिंता करू नये. विमान उत्तरेला जातं, डोंगर नाकासमोरच असतात आणि ते मुख्यतः वैमानिकालाच दिसतात.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइल काचेजवळ धरा, पण टेकवू नका, नाहीतर विमानाची थरथर फोटोत उतरते. बागडोगरा हा वायुदलाचा तळ आहे. तिथे उतरताना आणि जमिनीवर फोटो काढायचे नाहीत. कर्मचाऱ्यांनी पडदा खाली ओढायला सांगितला तर ओढायचा.

आमच्यापैकी एकजण पहिल्या खेपेला 'एफ'वर बसला होता. दोन तास बिहारची शेतं आणि नद्यांची पात्रं पाहिली, आणि पलीकडून "अहो, ते बघा!" ऐकू आलं तेव्हा मध्ये पाच डोकी होती. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर 'जाताना ए, येताना एफ' असा रकाना आहे. तो भरून द्या. बहुतेक विमान कंपन्यांचं वेब चेक-इन ४८ तास आधी सुरू होतं, त्याआधी फॉर्म आमच्या हातात हवा. जोडीने जाणार असाल तर जाताना काकूंना खिडकी आणि येताना काकांना, असं आधीच ठरवून टाका. विमानात वाद नकोत.