पेसमेकरच्या डबीचा भाव सगळे विचारतात, वायरचं कोण विचारणार?

पेसमेकर सांगितला की घरात पहिला प्रश्न किती लाख, दुसरा बॅटरी किती वर्षं. प्रश्न चुकीचे नाहीत, पण दोन्ही कातडीखाली बसवतात त्या बॅटरीच्या डबीबद्दलचे झाले आणि या सगळ्या प्रकरणात डबी तशी बिचारी कमीच त्रास देते. खरी नाजूक आहे ती वायर, डॉक्टर जिला लीड म्हणतात.

हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक पुंजका असतो, ठोक्याचा करंट तिथून निघतो आणि मधल्या एका नाक्यावरून खालच्या कप्प्यात उतरतो. वय झालं की कधी पुंजका सुस्तावतो, कधी नाक्यावर करंट अडतो. मग पल्स तीस-पस्तीसवर येते, डोळ्यापुढे अंधारी येते, माणूस बाथरूममध्ये पडतो. तेव्हा पेसमेकरची डबी वायरमधून हृदयाला बारीक करंट देते आणि ठोका चालू ठेवते. (चरबी साचून रक्तवाहिनी तुंबते ते वेगळं, तिथे स्टेंट लागतो, पेसमेकरचा उपयोग नाही.)

बसवायची प्रोसिजर ऐकायला सोपी आहे. जागा बधिर करतात, पेशंट बहुतेक वेळा जागाच असतो, डाव्या कॉलर बोनखाली दीड-दोन इंचाची चीर, तिथल्या शिरेतून वायर आत सरकवायची, एक्स-रेच्या स्क्रीनवर बघत बघत हृदयात न्यायची आणि टोकाचा बारीक स्क्रू आतल्या स्नायूत फिरवून बसवायचा, मग कातडीखाली खिसा करून त्यात डबी. तासा-दीड तासाचं काम. पण आता ही वायर दिवसाला साधारण एक लाख वेळा हृदयाबरोबर वाकणार, वर्षाला साडेतीन कोटींच्या पुढे, तेही दहा-वीस वर्षं. म्हणूनच सुरुवातीला चार-सहा आठवडे तो हात खांद्याच्या वर नेऊ नका म्हणतात, स्क्रू पक्का धरला नसेल तर टोक सुटतं आणि परत टेबलावर. काही जणांना तर कातडीखालची डबी सारखी चाचपायची, फिरवायची सवय लागते, वायर डबीभोवती गुंडाळत जाते आणि शेवटी हृदयातून उपसून निघते. वाचायला गंमत वाटते, पण घडतं असं.

आता आकडे. डेन्मार्कमध्ये एका वर्षात अशी यंत्रं बसवलेल्या देशभरातल्या 5,918 पेशंटचा हिशोब 2014 मध्ये छापून आला. सहा महिन्यांत 9.5 टक्के लोकांना काही ना काही झालं, त्यात खिशात रक्त साठणं वगैरे किरकोळ गोष्टीही आल्या. मोठ्या भानगडींमध्ये नंबर एक वायरचाच, 2.4 टक्के लोकांना वायरसाठी पुन्हा टेबलावर जावं लागलं. फुप्फुसाला सुई टोचून छातीत हवा साठली म्हणून नळी टाकावी लागली असे 0.9 टक्के, इन्फेक्शन 0.8. आणि मला सगळ्यात कामाचं वाटलं ते हे की जे डॉक्टर वर्षाला पन्नासपेक्षा कमी केसेस करतात त्यांच्याकडे धोका जास्त होता, अवेळी घाईत केलेल्या केसेसमध्येही. त्यामुळे कुठल्या कंपनीची डबी हे विचारताना तुम्ही महिन्याला किती बसवता हेही बिनधास्त विचारा, डॉक्टरांना राग आला तर येऊ दे.

इन्फेक्शनचा टक्का छोटा दिसतो, पण झालं तर नुसत्या अँटिबायोटिक्सवर भागत नाही, डबी आणि वायर सगळंच काढावं लागतं. वायर तर काही वर्षांत शिरेला चिकटून बसलेली असते, ती लेसरने वगैरे सोडवायची, शीर किंवा हृदय फाटायची भीती म्हणून सर्जन तयारीत उभे ठेवायचे, मग दुसऱ्या बाजूने नवा पेसमेकर. हे बिल पहिल्या बिलाला सहज मागे टाकू शकतं.

खर्चाचं म्हणाल तर एका कप्प्यात एक वायर असलेला सिंगल चेंबर लाखाच्या आतबाहेर, दोन कप्प्यांत दोन वायरींचा ड्युअल त्याच्या दुप्पट किंवा वर, हॉस्पिटल बदललं की आकडा बदलतो. स्टेंटच्या किमतीवर सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये मर्यादा घातली तशी पेसमेकरवर घातलेली नाही, फक्त एमआरपी वर्षाला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही एवढंच. आयुष्मान भारत, महात्मा फुले योजनेत पेसमेकर बसतो, पण योजनेतल्या हॉस्पिटलात आधी मंजुरी घेऊन. खासगीत बसवून नंतर बिल घेऊन गेलात तर पैसे मिळत नाहीत.

आणि हा खर्च एकदाचा नाही. बॅटरी आठ-बारा वर्षांनी उतरते, ती वेगळी बदलता येत नाही, सीलबंद डबीच नवी घ्यावी लागते. वायर चांगली असेल तर जुनीच ठेवतात. मात्र डबी बदलताना इन्फेक्शनचा धोका पहिल्या वेळेपेक्षा जास्त. पंच्याहत्तरीच्या आजोबांना हे कदाचित एकदाच, पस्तिशीतल्या माणसाला तीन-चारदा. एमआरआय तपासणी चालणारा मॉडेल म्हणून जादा पैसे देणार असाल तर वायरही त्याच जोडीची लागते, जुन्या वायरला नवी डबी जोडून ते साधेलच असं नाही. वायरच नसलेला, जेमतेम अडीच सेंटीमीटरचा कॅप्सूलसारखा पेसमेकरही निघालाय, मांडीच्या शिरेतून थेट हृदयात सोडतात, पण त्याची किंमत अजून बऱ्याच लाखांत आहे आणि तो सगळ्यांना चालतही नाही.

घरातल्या वस्तूंची भीती मात्र उगाच जास्त असते. मोबाइल डबीपासून वीतभर लांब, इंडक्शनच्या शेगडीपासून दोन फूट, बास. मायक्रोवेव्हने काही होत नाही.

आपल्याकडे एक गोष्ट घरच्यांना माहीत असायलाच हवी, दहनाआधी डबी काढावी लागते, नाहीतर उष्णतेने बॅटरीचा स्फोट होऊ शकतो. मग काढलेल्या चांगल्या डब्यांचं काय? अमेरिकेत मृतांच्या कुटुंबांनी दान केलेल्या डब्यांपैकी भरपूर बॅटरी उरलेल्या 53 डब्या स्टरलाइज करून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलात गरीब पेशंटना बसवल्या होत्या, त्याचे चांगले निकाल 2011 मध्ये आले. पुढे 2020 च्या एका मोठ्या अभ्यासात इन्फेक्शन वापरलेल्या यंत्रांत 2 टक्के आणि नव्यांत 1.2 टक्के निघालं, हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका कमी. अशा पेशंटना डबी जुनी चालते, वायर मात्र नवीच घालतात.