सेमेलक्न्योडल (व्हीगन)

शिळ्या पावाचे तुकडे दुधात भिजवून, कांदा-पार्सली घालून वळलेले आणि मिठाच्या पाण्यात शिजवलेले गोळे. ऑस्ट्रिया, जर्मनीतील बव्हेरिया आणि इटलीतील दक्षिण टिरोल या आल्प्सच्या पट्ट्यातले हे रोजचे अन्न. मूळ कृतीत दूध आणि अंडे असते. या दोन्हींना फाटा देऊन वनस्पतिजन्य पदार्थांवर केलेला प्रकार म्हणजे व्हीगन सेमेलक्न्योडल. तो बहुधा मश्रूमच्या दाट रश्शाबरोबर वाढतात.

पदार्थ जुना आहे. दक्षिण टिरोलमधील होखएपान किल्ल्याच्या प्रार्थनागृहात १२०० च्या सुमाराची भित्तिचित्रे आहेत. त्यांतल्या ख्रिस्तजन्माच्या प्रसंगात एक बाई विस्तवापाशी बसून भांड्यातले गोळे चाखताना दिसते. इतक्या पवित्र प्रसंगी चित्रकाराला स्वयंपाकीण आठवावी, यावरून गोळ्यांचे त्या घरांतले स्थान कळते. टिरोलमध्ये त्यांत खारवलेल्या डुकराच्या मांसाचे तुकडे घालतात, तर चीज घालून चपटे तळलेल्या प्रकाराला कासप्रेसक्न्योडल म्हणतात. सेमेलक्न्योडलमध्ये मात्र मुळातच मांस नसते. ते मांसाच्या ताटात जोडीला येतात आणि कॅथलिक उपवासाच्या दिवसांत स्वतंत्र जेवण म्हणून चालतात. त्यामुळे व्हीगन करताना बदल थोडाच करावा लागतो. सेमेल म्हणजे तिथला छोटा गोल पाव. तो साधारणपणे मैदा, पाणी, यीस्ट आणि मीठ एवढ्यावरच होतो, पण दूध घातलेले पावही मिळत असल्याने पाकीट वाचून घ्यावे. पावाचे वाळवलेले चौकोनी तुकडे ‘क्न्योडलब्रोट’ नावाने तयारही मिळतात.

पाव शिळाच हवा. ताजा पाव द्रव पिताच चिकट लगदा होतो; शिळ्याचे तुकडे भिजूनही आकार धरतात, आणि कापल्यावर गोळ्यात पावाची ठिगळे दिसतात ती त्यामुळेच.

अंड्याचे काम बांधून ठेवण्याचे. ते काढले की गोळा पाण्यात विरघळेल, ही धास्ती रास्त आहे, पण उपाय अवघड नाही. पावातला स्टार्च भट्टीत एकदा शिजून गेलेला असतो, म्हणून नुसत्या पावावर भिस्त ठेवता येत नाही. कच्चे पीठ घालावे लागते. त्यातला स्टार्च सुमारे ६० अंश सेल्सिअसपासून फुगू लागतो आणि तुकड्यांना सांधतो. चार माणसांसाठी २५० ग्रॅम वाळका पाव, साधारण २५० मिलिलिटर ओटचे किंवा सोयाचे दूध, तेलात परतलेला एक कांदा, मूठभर चिरलेली पार्सली, मीठ, किसलेले जायफळ आणि तीन-चार मोठे चमचे मैदा पुरतो. (युरोपीय न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर अशा पेयांच्या पाकिटावर सहसा ‘दूध’ लिहिता येत नाही, घरात सगळे दूधच म्हणतात.) काहीजण एका अंड्याच्या जागी चमचाभर जवसाची पूड तीन चमचे पाण्यात भिजवून घालतात. बेसनही चांगले बांधते, पण जास्त झाले तर कच्चट वास राहतो.

दूध कोमट करून तुकड्यांवर ओतायचे, हलक्या हाताने कालवायचे आणि किमान अर्धा तास झाकून ठेवायचे. घाई करणाऱ्याचे गोळे इथेच बिघडतात, कारण कडा ओल्या आणि गाभा कोरडा राहतो. मिश्रण मुठीत दाबल्यावर एकसंध राहिले पाहिजे, बोटांमधून दूध गळता कामा नये. ओल्या हातांनी, भेग न ठेवता गोळे वळतात. आधी एकच गोळा पाण्यात सोडून पाहायची जुनी रीत आहे. अंडे नसताना ती टाळूच नये. तो सुटू लागला तर उरलेल्या मिश्रणात पीठ वाढवता येते. पाणी खळखळा उकळते नको, नुसते थरथरते हवे. पंधरा-वीस मिनिटांत गोळे शिजतात. ज्यांना हात बसलेला नाही त्यांनी सेर्व्हिएटेनक्न्योडल करावे. त्यात तेच मिश्रण फडक्यात लांबट गुंडाळून, टोके बांधून शिजवतात आणि चकत्या कापतात. फडके आकार सांभाळते.

रश्शासाठी मश्रूम मोठ्या आचेवर, पाणी आटून कडा तांबूस होईपर्यंत परततात. उन्हाळ्यात ऑस्ट्रियात रानातले पिवळे आयरश्वामेर्ल मिळतात आणि मग दुसरे कोणी घेत नाही. एरवी साधी बटण मश्रूम चालतात. कांदा परतल्यावर पातेले आचेवरून उतरवून गोड पापरिकाची (तिखट नसलेल्या लाल मिरचीची) पूड घालायची, नाहीतर ती जळून कडवट होते. मग चमचाभर मैदा भुरभुरवून भाज्यांचे सूप ओततात. मरवा, थोडे शहाजिरे आणि लिंबाचा रस हा ठरलेला मसाला. सायीच्या जागी शेवटी ओटचे किंवा सोयाचे क्रीम घालतात. ते फार उकळले की फाटू शकते.

ताटातला गोळा सुरीने कापणे टिरोलमध्ये करणाऱ्याचा अपमान समजतात. काट्याने फोडावा, खडबडीत बाजूत रस्सा मुरतो, सुरीच्या गुळगुळीत कापावरून तो ओघळून जातो. रीत आणि चव इथे एकाच बाजूला आहेत.

उरलेल्या गोळ्यांचे नशीब आपल्याकडच्या शिळ्या पोळीच्या कुस्कऱ्यासारखे असते. दुसऱ्या दिवशी चकत्या कांद्याबरोबर तव्यावर खमंग परततात आणि वरून अंडे फोडतात. व्हीगन घरांत अंड्याऐवजी कुस्करलेला टोफू, हळद आणि काळे मीठ घालतात. या मिठाचा गंधकी वास अंड्याच्या वासाशी जुळतो. तिथल्या दुकानांत ते ‘काला नमक’ याच नावाने विकले जाते. सोबत हिरवी कोशिंबीर, आणि तीवर स्टायरिया प्रांतातले भोपळ्याच्या बियांचे गडद हिरवे तेल.