उत्तरायण २२ डिसेंबरला, तिळगूळ १४ जानेवारीला: पार्श्वभूमी

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मुलाबाळांना घेऊन जावे असा अयनदिनाचा (सूर्य उत्तरेकडे वळतो त्या दिवसाचा) सण महाराष्ट्रात शोधायला गेले, तर हाती फारसे लागत नाही. हौशी आकाशनिरीक्षकांचा एखादा गट मैदानात काठी रोवून सावली मोजताना भेटेल, तेवढेच. इंग्लंडात ब्रायटनला १९९४ पासून बहुतेक वर्षी २१ डिसेंबरच्या संध्याकाळी कागदी कंदील घेऊन घरेच्या घरे मिरवणुकीत उतरतात आणि शेवटी समुद्रकाठी ते कंदील जाळतात. इराणी कुटुंबे वर्षातली सर्वांत लांब रात्र डाळिंब आणि कलिंगड खात जागून काढतात. आपल्याकडे तसे काहीच नाही का? आहे, आणि चांगले भरगच्च आहे. फक्त ते, म्हणजे संक्रांत, तीन आठवडे उशिरा येते.

हा उशीर कसा झाला त्याचे मूळ सगळ्यांना ठाऊक आहे: आकाशातल्या राशी धरून मोजलेले वर्ष ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे २० मिनिटांनी मोठे, त्यामुळे संक्रांत ७०-७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकते. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या आसपास सूर्याचा मकर राशीत प्रवेश, म्हणजेच संक्रांत, आणि उत्तरायणाचा आरंभ जवळजवळ एकाच दिवशी होत. त्याच्याही आधी, वेदांग ज्योतिष या प्राचीन ग्रंथाच्या काळी, उत्तरायण धनिष्ठा नक्षत्राच्या आरंभी होई. सहाव्या शतकातल्या एका ज्योतिष्याने हा फरक नोंदवून ठेवला आहे. जुन्या ग्रंथात एक आणि आकाशात दुसरे दिसत असेल तर प्रत्यक्ष पाहून ठरवावे, असा त्याचा सल्ला होता. पुढच्या चौदाशे वर्षांत तो फारसा कोणी मानलेला दिसत नाही.

सरकण्याचा पुरावा हवा असेल तर आपल्याच इतिहासात आहे. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ चे, म्हणून ते संक्रांतीच्या दिवशी झाले आणि ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार त्यातूनच आला, असे दर जानेवारीत कोणी तरी सांगतेच. तो दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा. त्या वर्षी संक्रांत मात्र १० जानेवारीच्या सुमारास होऊन गेली होती. १८६३ सालची संक्रांत १२ जानेवारीला आली. त्या दिवशी जन्मलेल्या संन्याशाच्या नावाने आता युवा दिन पाळतात. म्हणजे १४ जानेवारी ही काही अनादि काळापासूनची तारीख नव्हे. ती आपल्या पणजोबा-आजोबांच्या काळात स्थिरावली, आणि आता सुटायलाही लागली आहे.

खरा वाद पेटला तो १८६० नंतर. पुण्या-मुंबईकडच्या गणित्यांना नाविक पंचांगाच्या आधारे दिसू लागले की छापील पंचांगातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी जुळत नाहीत. त्याच दशकात वेधाला जुळणारे पहिले सुधारलेले पंचांग निघाले. १८८० च्या दशकात तिघा अभ्यासकांनी त्याहून धाडसी पाऊल टाकले आणि सायन, म्हणजे ऋतूंचे वर्ष धरणारे, पंचांग काढले. त्यात मकरसंक्रांत थेट २१ किंवा २२ डिसेंबरला. लोकांनी ते विकत घेतले, कौतुकाने चाळले, आणि तिळगूळ मात्र जानेवारीतच वाटला. १९०४ मध्ये मुंबईत, पुढे पुण्यात आणि सांगलीत ज्योतिष परिषदा भरल्या. तिथे भांडण राशीचक्राचा आरंभ रेवतीच्या ताऱ्यापासून धरायचा की चित्रेवरून, यावर होते. रेवतीवाल्यांचे पंचांग आज टिळक पंचांग म्हणून चालते. ते पाळणाऱ्या, मुख्यतः कोकणातल्या, घरांत संक्रांत १० जानेवारीला होते. एकाच आळीत चार दिवसांच्या अंतराने दोन संक्रांती, हा प्रकार ज्यांनी पाहिला आहे त्यांना या वादाची गोडी वेगळी सांगायला नको.

यातही ‘उत्तरायण’ हा शब्दच मोठा गुंत्याचा आहे. गुजरातेत उत्तरायण म्हणजे पतंगांचा एक दिवस. पंचांगात तो सहा महिन्यांचा काळ. तो काळ सायन मोजणीने २२ डिसेंबरला सुरू होतो, निरयन, म्हणजे राशींचे वर्ष धरणाऱ्या, मोजणीने १४ जानेवारीला. १८९३ साली पुण्यातल्या एका नेत्याने वेदकाळ ठरवताना आणखी तिसरेच मांडले: अति प्राचीन काळी उत्तरायण म्हणजे सूर्य उत्तरेकडे *जात* असण्याचा नव्हे, तर विषुववृत्ताच्या उत्तरेला *असण्याचा* काळ. म्हणजे मार्च ते सप्टेंबर. अयन म्हणजे जाणे की असणे, एवढ्या एका प्रश्नावर तीन महिन्यांचा फरक. भीष्म नेमके कशाची वाट पाहत शरपंजरी पडले होते, हा वाद म्हणूनच कधी मिटत नाही.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारने १९५२ च्या नोव्हेंबरात पंचांग सुधारणेसाठी समिती नेमली. अध्यक्ष पंचांगकर्ते नव्हते, खगोलभौतिकीतले जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते. देशभरातली तीसएक पंचांगे तपासून १९५५ मध्ये अहवाल आला. नागरी व्यवहारासाठी समितीने निःसंकोच सायन वर्ष घेतले: चैत्र २२ मार्चला, पौष २२ डिसेंबरला. आकाशवाणीच्या मराठी निवेदनात आपण ‘भारतीय सौर’ म्हणून जी तारीख ऐकतो ती हीच. २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून, ती लागू आहे. तेव्हा उत्तरायण नेमके कधी हे सरकारदरबारी ठरलेले आहे: १ पौष. फक्त त्या दिवशी कोणी काही करत नाही.

धार्मिक सणांबाबत समितीपुढे दोन वाटा होत्या. संक्रांत एका झटक्यात २३ दिवस मागे ओढून अयनदिनाला भिडवायची, किंवा जशी आहे तशी सरकू द्यायची. समितीने तिसरी काढली. झालेली चूक तशीच ठेवायची, पण इथून पुढे वाढू द्यायची नाही. सौर महिन्यांचा आरंभ सायन आरंभापासून २३ अंश १५ कलांच्या कायम अंतरावर बांधून टाकायचा. म्हणजे संक्रांत कायम १३-१४ जानेवारीच्या आसपास राहिली असती आणि पुढे कधी उन्हाळ्यात पोचली नसती. सायनवाद्यांनी याला भित्रेपणा म्हटले, निरयनवाद्यांनी धर्मात ढवळाढवळ. मला स्वतःला तो बराच शहाणपणाचा तोडगा वाटतो. लोकांच्या सणाला धक्का न लावता पुढचा घोळ त्याने थांबला असता. पण रूढ पंचांगांनी तो मनावर घेतला नाही. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरची दिनदर्शिका सरकतच राहिली. २०२३ आणि २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आली, आणि ‘यंदा पंधराला कशी?’ हा प्रश्न घरोघर ऐकू आला.

सायनवाद्यांना एक गोष्ट मात्र कधी पटवता आली नाही. मुंबईत सर्वांत लहान दिवससुद्धा साधारण ११ तासांचा असतो. उत्तर युरोपातल्यासारखा दुपारी चारला काळोख होत नाही. शिवाय मुंबई-पुण्यात सूर्योदय जानेवारीच्या मध्यापर्यंत उशिरा-उशिराच होत जातो. शाळेच्या सकाळच्या बसला उभ्या असलेल्या मुलाला २२ डिसेंबरला काही बदलले असे वाटत नाही. संक्रांतीनंतर वाटू लागते. ‘दिवस तिळातिळाने वाढतो’ असे आपण तेव्हा म्हणतो. खरे तर तोवर तो सहा-सात मिनिटांनी वाढून झालेला असतो.

संक्रांतीचे सामूहिक रूप मात्र जुने नाही. भोगीची बाजरीची भाकरी, लेकुरवाळी भाजी, सुगडे, हे घरातले. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला महिला मंडळांनी हळदीकुंकवाचे जाहीर समारंभ सुरू केले आणि संक्रांत ते रथसप्तमी हा मोसमच झाला. त्यात विधवांना जागा नव्हती. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतरांना तो कित्ता गिरवायला सांगितले. त्यानंतर सर्व स्त्रियांना बोलावणारी हळदीकुंकवे होत आहेत, पण वाण द्यायचे की नाही यावर अजूनही सोसायटीच्या बैठकीत आवाज खाली येतात.

लहान मुलांसाठी बोरनहाण सर्वांत सोयीचे. काळे झबले, हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, चुरमुरे, आणि हल्ली चॉकलेटे. रथसप्तमीपर्यंत कधीही करता येत असल्याने सोसायट्या दहा-बारा मुलांचे एकत्र उरकतात. पतंगांचे तसे नाही. येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्या भरलेल्या असतात, आसारी (मांजाची फिरकी) घेऊन आजोबा आणि नातू शेजारी उभे असतात. पण नायलॉन मांजावर २०१७ मध्ये देशभर बंदी येऊनही दर वर्षी गळे कापल्याच्या बातम्या येतात. दुचाकीवर पुढे मूल बसवून त्या दिवसांत गावात फिरू नये, हे तिथलेच लोक सांगतात.

परदेशातली महाराष्ट्र मंडळे सभागृह मिळेल त्या शनिवारी संक्रांत करतात, म्हणजे १४ आणि १५ चा वाद त्यांनी परस्पर सोडवला. मेलबर्नमध्ये तर तो शनिवार भर उन्हाळ्यातला. तिथला सर्वांत लहान दिवस जूनमध्ये येतो, आणि काळी साडी नेसून उन्हात तिळगूळ वाटला जातो.

इथे ज्यांना अयनदिनच हवा त्यांनी २२ डिसेंबरला दुपारी साडेबाराच्या सुमारास मुलांसह गच्चीवर जावे. पुण्यात १ मीटर काठीची सावली साधारण ९० सेंटिमीटर भरेल. तीच काठी संक्रांतीला पुन्हा लावली तर ८३.