सीएसएमटी आणि मेलबर्नचे नकाशे खरंच अदलाबदल झाले होते का?

ठाण्याच्या लोकल ग्रुपवर फिरणारा मजकूर असा: मुंबईच्या सीएसएमटीचा नकाशा खरा मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनचा, टपालात घोळ झाला आणि दोन्ही इमारती चुकीच्या शहरात उभ्या राहिल्या.

गोष्ट ऐकायला छान आहे, पण तारखा जुळत नाहीत. सीएसएमटीचं काम 1878 मध्ये सुरू होऊन दहा वर्षांत, 1888 मध्ये संपलं. मेलबर्नच्या स्टेशनसाठी आराखड्यांची स्पर्धा झाली 1899 मध्ये. तिथल्या रेल्वेतल्याच दोन कर्मचाऱ्यांचा आराखडा निवडला गेला आणि इमारत 1910 मध्ये पूर्ण झाली. म्हणजे त्यांचा कागद तयार होण्याआधीच आपली इमारत दशकभर वापरात होती.

दुसरा पुरावा तुम्ही रोज पाहता. ठाण्याहून लोकल शेवटपर्यंत न्या: रूळ तिथे संपतात, सगळे फलाट एका टोकाला येऊन मिळतात. इमारत त्या टोकासाठी आखलेली आहे. मेलबर्नला गाड्या आरपार जातात, म्हणून तिथली इमारत रुळांना समांतर, रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेली आहे. नकाशे बदलले असते तर दोन्हीकडे काहीच बसलं नसतं. नकाशाच्या अॅपवर उपग्रहचित्र उघडून दोन्ही ठिकाणं बघा, फरक लगेच दिसेल.

आणि एकदा उतरल्यावर वर बघाच. दगडात कोरलेली माकडं, मोर, पानंफुलं. ती नक्षी कोरताना मुंबईच्याच कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे हात लागले होते. टपालाने आलेल्या परक्या कागदावर हे मोर कुठून येणार?