एकट्या बालकाचा देशांतर्गत विमानप्रवास

आईवडील किंवा दुसरी कोणी प्रौढ व्यक्ती सोबत नसताना लहान मुलाने देशातल्या देशात विमानाने करायचा प्रवास, आणि त्यासाठी विमान कंपनीकडे आगाऊ नोंदवायची देखरेखीची सोय. कंपन्यांच्या कागदपत्रांत अशा मुलाला ‘अनअकंपनीड मायनर’ म्हणतात, विमानतळावरचे कर्मचारी नुसते ‘यूएम’ म्हणतात आणि आरक्षणाच्या नोंदीत ‘यूएमएनआर’ असा संकेत टाकला जातो. भारतात ही सोय सर्वसाधारणपणे 5 वर्षे पूर्ण झालेल्या आणि 12 वर्षे पूर्ण न झालेल्या मुलांसाठी असते. त्याहून लहान मुलाला एकटे नेले जात नाही. 12 वर्षांनंतर मूल तिकिटाच्या दृष्टीने प्रौढ धरले जाते आणि ही सोय घेण्याची सक्ती उरत नाही.

महाराष्ट्रात मुलाला एकटे गावी धाडण्याची रीत विमानाच्या कितीतरी आधीची आहे. 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली आणि पुढे गावोगाव गाड्या पोहोचल्यावर, मे महिन्याच्या सुट्टीत पोराला खिडकीशी बसवून ‘याला तेवढं फाट्यावर उतरवा, मामा येईल घ्यायला’ असे कंडक्टरला सांगणे हा अनेक घरांचा नेहमीचा व्यवहार झाला. तो तोंडी होता आणि माणुसकीवर चालत असे. विमानप्रवासात हवाली करण्याचे तेच काम कागदावर होते. मूल कोणी सोपवले, कोणी ताब्यात घेतले आणि शेवटी कोणाच्या हाती दिले, या प्रत्येक टप्प्याची नोंद होते आणि घेणाऱ्या-देणाऱ्यांच्या सह्या होतात. या सोयीचे सारे मोल त्या साखळीत असल्यामुळे तिचा विचार सुरक्षा, आसन किंवा खाऊ यांच्यापेक्षा आधी हस्तांतराच्या अंगाने करावा लागतो.

मुंबईत या सोयीची गरज मुख्यतः सुट्ट्यांमुळे पडते. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना मे महिन्यात किंवा दिवाळीत मुलाएवढी रजा मिळत नाही, आणि आजी-आजोबा नागपूरला, इंदूरला किंवा बंगळुरूला असतात. मुंबई ते नागपूर हे रेल्वेने 837 किलोमीटरचे अंतर आहे. रात्रभराच्या गाडीत मुलाला एकटे बसवण्याचा विचार आज कोणी करत नाही. 2025 मध्ये पूर्ण झालेल्या 701 किलोमीटरच्या समृद्धी महामार्गानेही मोटारीतला जवळजवळ पूर्ण दिवस जातो आणि नेणारा माणूस लागतोच. विमानाला साधारण दीड तास लागतो. दुसरे कारण विभक्त झालेल्या पालकांचे आहे. न्यायालयाच्या आदेशानुसार मूल शाळेच्या दिवसांत एका शहरात आणि सुट्टीत दुसऱ्या शहरात राहणार असेल, तर त्याची ने-आण दोन्ही पालकांना समोरासमोर न येता करता येते. अशा वेळी अर्जावर घेणाऱ्याचे नाव कोणाचे असेल हे दोघांनी आधी लेखी ठरवणे फार महत्त्वाचे आहे, कारण काउंटरवरचा कर्मचारी अर्जातले नाव आणि ओळखपत्र एवढेच पडताळू शकतो. घरातला वाद त्याच्यापुढे नेल्यास मूल मधल्या मध्ये ताटकळते.

आरक्षण. ही सोय वेबसाइटवर तिकीट काढताना आपोआप जोडली जात नाही. बहुधा कंपनीच्या कॉल सेंटरवर किंवा विमानतळावरील तिकीट काउंटरवर ती मागून घ्यावी लागते, आणि तीही प्रवासाच्या किमान एक-दोन दिवस आधी, कारण एका विमानात अशी किती मुले घ्यायची याला मर्यादा असते. तिकिटाच्या भाड्याशिवाय सेवाशुल्क आकारले जाते. ते प्रत्येक बाजूच्या प्रवासाला वेगळे असते आणि कंपनीगणिक बदलते. मध्ये विमान बदलावे लागणारे प्रवास बहुतेक कंपन्या स्वीकारत नाहीत. ही अट पालकांनीही स्वतःहून पाळावी अशीच आहे. शक्य असेल तेथे सकाळचे थेट विमान निवडावे. ते रद्द झाले तर दिवसभरात दुसरे मिळण्याची आशा असते, तर रात्रीचे शेवटचे विमान रद्द झाल्यावर मुलाला झोपेतून उठवून घरी परत आणावे लागते.

अर्जात मुलाचे नाव, वय, सोडायला येणाऱ्या आणि घ्यायला येणाऱ्या व्यक्तींची नावे, पत्ते, मोबाइल क्रमांक आणि मुलाशी नाते हे सर्व लिहायचे असते. दोन्ही व्यक्ती सज्ञान हव्यात. मोठ्यांसोबत जाणाऱ्या मुलाच्या वेगळ्या ओळखपत्राचा आग्रह सहसा धरला जात नाही, पण एकट्या मुलाकडे ते असायलाच हवे. आधार कार्ड, पासपोर्ट किंवा शाळेचे छायाचित्र असलेले ओळखपत्र चालते. शाळेच्या ओळखपत्रावरचे नाव आणि तिकिटावरचे नाव जुळते का हे आधी पाहावे. घरात ‘सोनू’ आणि शाळेत ‘स्वानंद’ असलेल्या मुलाचे तिकीट घाईघाईत घरच्या नावाने काढले गेल्याची अडचण काउंटरवरच कळते. घ्यायला येणाऱ्याचे नावही त्याच्या ओळखपत्रावर आहे तसेच लिहावे. अर्जात ‘बाळूमामा’ आणि आधार कार्डावर ‘बाळकृष्ण’ असले की नातेवाईक समोर उभा असूनही मूल त्याच्या ताब्यात मिळायला वेळ लागतो.

मुंबईतील विमानतळ. मुंबईच्या पालकांची पहिली चूक बहुधा जागेची असते. छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळाची दोन टर्मिनल्स वेगवेगळ्या बाजूंना आहेत. विलेपार्ले–सांताक्रूझकडचे टर्मिनल 1 जुने लोक अजून ‘सांताक्रूझ’ किंवा ‘डोमेस्टिक’ म्हणून ओळखतात, आणि अंधेरी पूर्वेकडचे टर्मिनल 2 ‘सहार’ म्हणून. 2014 मध्ये सुरू झालेल्या टर्मिनल 2 वरून आंतरराष्ट्रीय विमानांबरोबर देशांतर्गत विमानेही सुटतात, त्यामुळे ‘देशातला प्रवास म्हणजे सांताक्रूझ’ हा जुना हिशेब आता चालत नाही. 8 ऑक्टोबर 2025 रोजी उद्घाटन झालेल्या नवी मुंबईच्या विमानतळामुळे तिकीट नीट वाचण्याची गरज आणखी वाढली आहे. ठाणे, पनवेल किंवा वाशीच्या कुटुंबाला तो सोयीचा आहे, पण घ्यायला येणारी आत्या सहारला उभी आणि भाचा उलव्याला उतरलेला, अशी चूक दुरुस्त करायला मुंबईच्या रस्त्यांवर दोन तास सहज जातात. गोव्यालाही दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, हे तिकडच्या नातेवाइकांनी ध्यानात ठेवावे. ऑक्टोबर 2024 पासून भुयारी मेट्रो 3 ची स्थानके दोन्ही टर्मिनल्सजवळ झाल्याने पश्चिम द्रुतगती महामार्गावरच्या कोंडीचा धोका थोडा टळतो, पण मूल, सामान आणि अर्ज यांसह तरीही सुटण्याच्या किमान दोन ते अडीच तास आधी पोहोचावे. चेक-इन काउंटर साधारण 60 मिनिटे आधी बंद होतो आणि एकट्या मुलाची कागदपत्रे पुरी व्हायला इतरांपेक्षा वेळ लागतो.

काउंटरवर अर्ज तपासला जातो, सह्या होतात आणि मुलाच्या गळ्यात एक पारदर्शक पिशवी अडकवली जाते. तिच्यात बोर्डिंग पास, अर्जाची प्रत आणि ओळखपत्र असते. पिशवीची दोरी मोठ्यांच्या मापाची असल्याने ती सहा-सात वर्षांच्या मुलाच्या पोटापर्यंत लोंबते. ती शर्टाच्या आत टाकायची नाही आणि शौचालयातही काढून ठेवायची नाही, हे मुलाला घरीच सांगितलेले बरे. येथून पुढे पालकाला सोबत जाता येत नाही. कंपनीचा कर्मचारी मुलाला सुरक्षा तपासणीतून नेतो, गेटवर बसवतो आणि शक्यतो इतरांच्या आधी विमानात चढवून केबिन कर्मचाऱ्यांच्या स्वाधीन करतो. मुलींची अंगझडती महिला सुरक्षा कर्मचारीच घेतात, हेही मुलीला आधी माहीत असावे. आसन सहसा कर्मचाऱ्यांच्या नजरेच्या टप्प्यात देतात. आपत्कालीन दाराजवळची रांग मुलांना दिली जात नाही.

निरोपाची ही घटका सगळ्यांनाच जड जाते. आईचे डोळे भरले की मूलही बिचकते, म्हणून गळ्यात पडणे आणि सूचना देणे काउंटरवर येण्याआधीच उरकावे आणि मुलाने मागे वळून पाहिले तर हसून हात हलवावा, असे या कामात मुरलेले कर्मचारी सांगतात. मूल आत गेले म्हणून पालकाचे काम संपत नाही. विमान प्रत्यक्ष आकाशात जाईपर्यंत सोडणाऱ्याने विमानतळ सोडायचा नसतो. तांत्रिक बिघाडाने किंवा हवामानाने उड्डाण रद्द झाल्यास मूल पुन्हा त्याच व्यक्तीच्या हाती दिले जाते, आणि ती तोवर बोरिवलीपर्यंत पोहोचली असेल तर मूल कर्मचाऱ्याजवळ वाट पाहत बसते.

उतरल्यावर हे सर्व उलट्या क्रमाने घडते. मूल बहुधा इतर प्रवाशांनंतर खाली येते. तेथला कर्मचारी सामान घेऊन त्याला बाहेरच्या दारापर्यंत आणतो, घेणाऱ्याचे मूळ ओळखपत्र अर्जाशी ताडून पाहतो आणि सही घेतो. अर्जातील व्यक्तीऐवजी दुसरा कोणी आला, मग तो सख्खा काका का असेना, तर मूल दिले जात नाही. काही नातेवाईक यावर रागावतात. हा राग समजण्यासारखा असला तरी याच एका हट्टावर पूर्ण सोय उभी आहे, आणि त्या क्षणी नियम मोडून मूल देणारा कर्मचारी आपल्याला कितीही भला वाटला तरी त्याने मुलाला धोक्यात घातलेले असते. ऐनवेळी माणूस बदलणार असेल तर ज्याने अर्ज भरला त्याने कंपनीला कळवून नाव बदलून घ्यावे.

पावसाळा. जून ते सप्टेंबर हा मुंबईपुरता वेगळा विचार करायचा काळ आहे. मुंबई विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी मुख्यतः एकीवरच वाहतूक चालते, आणि जोरदार सरींत ती मंदावली की विमाने आकाशात घिरट्या घालतात किंवा दुसऱ्या शहरात वळवली जातात. 1 जुलै 2019 च्या रात्री मुसळधार पावसात एक विमान मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिल्याने शेकडो उड्डाणे विस्कळीत झाली. पावसाळ्याआधी आणि नंतर एकेक दिवस दोन्ही धावपट्ट्या देखभालीसाठी काही तास बंद असतात. ती तारीख आधी जाहीर होते, म्हणून मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधले तिकीट काढण्यापूर्वी ती पाहून घ्यावी. विमान वळवले गेल्यास मूल कंपनीच्या कर्मचाऱ्यांकडेच राहते आणि अर्जातल्या क्रमांकांवर फोन केला जातो. त्या दिवशी दोन्हीकडचे फोन चार्ज असणे आणि अनोळखी क्रमांक उचलणे एवढी साधी गोष्ट अशा वेळी सर्वांत उपयोगी पडते. उशीर झाल्यास खाणे-पिणे आणि ठरावीक परिस्थितीत निवास पुरवण्याचे बंधन नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी कंपन्यांवर घातलेले आहे, पण मुलाच्या बाबतीत निवासापेक्षा घरी परतणे किंवा नातेवाइकाने येऊन नेणे हाच योग्य मार्ग असतो.

मुलाची तयारी. पाच वर्षे पूर्ण झाली म्हणून प्रत्येक मूल एकट्याने जायला तयार झालेले नसते. शौचालयात स्वतः जाता येणे, अनोळखी माणसाला ‘मला बरं वाटत नाही’ असे सांगता येणे, आणि आपले पूर्ण नाव व पालकाचा मोबाइल क्रमांक पाठ असणे, एवढे जमत नसेल तर एक वर्ष थांबावे. नियमित औषध लागणाऱ्या मुलाबाबत कंपनीला आधी विचारावे, कारण औषध देण्याची जबाबदारी केबिन कर्मचारी सहसा घेत नाहीत. विमानाच्या आतला हवेचा दाब सुमारे 2400 मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढ्यापर्यंत उतरू शकतो. उतरताना तो पुन्हा वाढतो तेव्हा कानात दडे बसतात. अशा वेळी गिळत राहण्यासाठी चघळायची गोळी खिशात द्यावी आणि सर्दी झालेल्या मुलाचा प्रवास शक्यतो पुढे ढकलावा. देशांतर्गत तिकिटावर सहसा 15 किलो सामान आणि 7 किलोची हातपिशवी नेता येते, पण एकट्या मुलाची हातपिशवी त्याला स्वतःला उचलता येईल इतकीच असावी. पॉवर बँक नोंदवलेल्या सामानात चालत नाही. परतीच्या वेळी आजी हमखास देते ते सुके खोबरेही चालत नाही, कारण ते आपोआप तापून पेट घेणाऱ्या पदार्थांत मोडते. सामान तपासताना ते काढून घेतले की मूल हिरमुसते, म्हणून आजीलाच आधी कळवून ठेवावे.

12 वर्षांपुढील मुले ही सोय न घेता जाऊ शकतात. काही कंपन्या शुल्क घेऊन तीही देतात, आणि पहिल्या खेपेला ती घेणे शहाणपणाचे आहे. मुंबई विमानतळावर बोर्डिंगच्या सर्वसाधारण घोषणा होत नाहीत. सगळी माहिती पडद्यावर असते आणि गेट ऐनवेळी बदलतो. कानाला हेडफोन लावून मोबाइलमध्ये रमलेल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे विमान यामुळे सहज चुकते. त्याला दर पंधरा मिनिटांनी पडदा पाहायला आणि काही अडल्यास कंपनीच्या गणवेशातल्या माणसालाच विचारायला सांगावे.

एकट्याने पाठवण्याऐवजी ओळखीच्या प्रवाशासोबत त्याच तिकिटावर पाठवणे हा दुसरा मार्ग आहे. एप्रिल 2024 मध्ये महासंचालनालयाने 12 वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या किमान एका पालकाशेजारी आसन देण्याचे निर्देश कंपन्यांना दिले. वेगवेगळ्या पीएनआरवर तिकिटे काढल्यास मात्र मूल एकीकडे आणि सोबतचा दुसरीकडे अशी पाळी येऊ शकते, त्यामुळे शेजारच्या काकूंबरोबर पाठवायचे असले तरी तिकीट त्यांच्याच पीएनआरवर काढावे.