मॅक्रोमधून कंपाइल-टाइम एरर देणं

कोड लिहून देणारा कोड म्हणजे मॅक्रो, एवढं वाचणाऱ्याला माहीत आहे असं धरून पुढे जाऊ. मॅक्रो वापरणाऱ्याने त्याला काहीतरी चुकीचं दिलं, तर ती चूक प्रोग्रॅम चालायच्या आधी, कंपाइल होतानाच, मॅक्रो लिहिणाऱ्याच्या शब्दांत आणि चूक झाली त्याच जागेवर बोट ठेवून सांगायची, हे ते काम. यात दोन गोष्टी आहेत, मेसेज आणि जागा. मेसेज फार लवकर जमला, जागा जमायला मात्र त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं गेली, आणि नव्या भाषांना तोच धडा परत गिरवावा लागलेला दिसतो. ही नोंद मुख्यतः रस्ट भाषेला धरून आहे, कारण हे सगळं तिथे सगळ्यात उघडपणे बघायला मिळतं.

उगम

याचा उगम कुठला यावर एकमत नाही. नेहमी सांगितलं जातं ते असं की सी भाषेतला #एरर (कंपाइल थांबवून लिहिलेला मेसेज दाखवणारी सूचना) हा याचा पूर्वज, १९८९ च्या अमेरिकन स्टँडर्डमध्ये तो आहेच. पण हे फारसं पटत नाही, कारण सीमध्ये मॅक्रोच्या विस्तारातून प्रीप्रोसेसरची (कंपाइलच्या आधी फाइलवर फिरणाऱ्या टप्प्याची) सूचना बाहेर पडूच शकत नाही, म्हणजे मॅक्रोच्या पोटात #एरर लिहिता येत नाही, तो फक्त फाइलमध्ये #इफ-#एंडिफच्या मधे बसतो. मॅक्रोला स्वतःहून ओरडता येत नव्हतं म्हणून तर सीवाल्यांनी ऋण लांबीच्या ॲरेची युक्ती काढली : अट मोडली की ॲरेची लांबी वजा एक होते आणि कंपायलर 'ॲरेची साइज निगेटिव्ह आहे' म्हणून अडतो. लिनक्स कर्नलमधला बिल्ड_बग_ऑन हा मॅक्रो बरीच वर्षं याच युक्तीवर चालला. आता हा मेसेज वाचून खरी अडचण काय आहे हे कोणाला कळणार, पण निदान बिल्ड थांबायचं. सी११ मध्ये _स्टॅटिक_असर्ट (अट कंपाइल होतानाच तपासून मेसेज देणारं) आलं आणि ही कसरत बरीचशी संपली.

दुसरं मत आयबीएमच्या असेंब्लरकडे (असेंब्ली भाषेतला कोड मशीनच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमकडे) बोट दाखवतं, आणि मेसेजपुरतं बोलायचं तर तेच जास्त सयुक्तिक वाटतं. आयबीएमच्या सिस्टिम/३६० या कॉम्प्युटरची घोषणा १९६४ ची. त्याच्या ओएस/३६० असेंब्लरमध्ये, म्हणजे साधारण १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात, एमनोट नावाची सूचना होती. मॅक्रोच्या आत एमनोट लिहायचं, त्याला ० ते २५५ मधला एक आकडा द्यायचा (चूक किती गंभीर आहे त्याचा) आणि पुढे मेसेज. मॅक्रो उलगडताना ती ओळ गाठली की मेसेज लिस्टिंगमध्ये (कोडच्या छापील प्रतीत) छापला जायचा आणि सगळ्यात मोठा आकडा असेंब्लरच्या रिटर्न कोडपर्यंत पोचायचा. खुद्द आयबीएमच्या मॅक्रो लायब्ररीत आयएचबीईआरमॅक नावाचा एक मॅक्रो निव्वळ एरर मेसेज काढण्यासाठी होता, बाकीचे मॅक्रो त्याला मेसेजचा नंबर देऊन बोलवायचे. आजच्या लायब्ररीत एरर मेसेज एका जागी गोळा करून ठेवतात ती सवय इतकी जुनी आहे. जागेचा प्रश्नही तिथे फारसा आला नाही, कारण लिस्टिंग कागदावर छापलेली असायची, मॅक्रोने तयार केलेल्या ओळींसमोर अधिकचं चिन्ह असायचं आणि मेसेज त्यांच्यामध्येच छापलेला असायचा, तेव्हा थोडं वर बघितलं की मॅक्रोच्या कुठल्या हाकेतून (वापरातून) हे आलं ते दिसायचं.

तिसरं घराणं लिस्प भाषेचं. टिमोथी हार्ट यांनी १९६३ मध्ये लिस्पला मॅक्रो सुचवले. इथे मॅक्रो म्हणजे साधं फंक्शनच, त्यामुळे त्यातून एरर टाकायला काही आडकाठी नव्हती, फक्त फंक्शनच्या हातात पडायची ती नुसती लिस्ट, आणि लिस्टमधल्या सिंबॉलला आपण कुठल्या ओळीवरून आलो हे माहीत नसतं. १९८६ मध्ये कोलबेकर, फ्रीडमन, फेलायझेन आणि ड्युबा यांनी हायजीनचा, म्हणजे मॅक्रोतली नावं आणि बाहेरची नावं एकमेकांत मिसळू न देण्याचा, विचार मांडला, आणि १९९२-९३ च्या सुमारास डिबविग, हीब व ब्रगमन यांच्या कामात तुकडा, त्याच्या नावांचा संदर्भ आणि सोर्समधली जागा हे सगळं एकाच सिंटॅक्स ऑब्जेक्टमध्ये आलं. जागेपुरता उगम इथे धरावा असं प्रस्तुत नोंदकर्त्याला वाटतं. पुढे रॅकेट या लिस्पच्या वंशातल्या भाषेत कल्पेपर आणि फेलायझेन यांनी २०१० मध्ये सिंटॅक्स-पार्स मांडलं. त्यात मॅक्रोला काय चालतं हे आधीच लिहून ठेवायचं आणि चुकलं की एरर आपोआप तयार होतो, हाताने तपासत बसायला नको. लिस्पच्याच वंशातल्या स्कीम भाषेच्या स्टँडर्डमध्ये सहाव्या आवृत्तीत (२००७) सिंटॅक्स-व्हायोलेशन आणि सातव्या छोट्या आवृत्तीत (२०१३) सिंटॅक्स-एरर आहे.

रस्टमधली गोष्ट

रस्ट १.० मे २०१५ मध्ये आली, पण मॅक्रो लिहिणाऱ्याला स्वतःचा एरर द्यायची सोय, कंपाइल_एरर!, आवृत्ती १.२० मध्ये, ऑगस्ट २०१७ ला. त्याआधीच, फेब्रुवारी २०१७ च्या १.१५ मध्ये, कस्टम डिराइव्ह (स्ट्रक्टवर #[डिराइव्ह] लिहिलं की त्याच्यासाठी कोड बनवून देणारा आपला मॅक्रो) सुरू झालं होतं, आणि घाईत केल्यासारखं केलं होतं : टोकनस्ट्रीम (टोकन म्हणजे कोडमधला एकेक शब्द किंवा चिन्ह, त्यांची माळ) नावाची जी वस्तू मॅक्रोला मिळायची तिचं फक्त टेक्स्ट करता यायचं आणि टेक्स्टवरून ती परत बनवता यायची, एवढंच. एकदा टेक्स्ट झालं की कुठलं टोकन कुठल्या ओळीवरचं हे पुसलं गेलं, म्हणजे लिस्पवाल्यांची जुनी अडचण जशीच्या तशी. त्यामुळे त्या दीडेक वर्षात काहीही चुकलं तरी लाल रेघ यायची ती #[डिराइव्ह] च्या ओळीखाली, स्ट्रक्टमध्ये चाळीस फील्ड असली तर चाळीसमधलं कुठलं ते आपलं आपण शोधा. २०१८ च्या १.२९ आणि १.३० या आवृत्त्यांत प्रत्येक टोकनला स्वतःचा स्पॅन, म्हणजे सोर्समधल्या जागेची खूण, मिळाला, ॲट्रिब्यूट आणि फंक्शनसारखे मॅक्रोही आले, आणि खरं काम सुरू झालं.

फरक किती पडतो ते एका उदाहरणात बघू. समजा 'तपास' नावाचा डिराइव्ह मॅक्रो आहे, तो फील्डची कमाल किंमत तपासणारा कोड तयार करतो, आणि वापरणाऱ्याने आकडा चुकून अवतरणचिन्हात टाकला (आकडे इथे वाचायच्या सोयीसाठी देवनागरीत आहेत, रस्टमध्ये संख्या लिहायला इंग्रजी आकडेच लागतात). मॅक्रो लिहिणाऱ्याने कंटाळा करून पॅनिक केला (मॅक्रो मधेच पाडला) तर कंपायलर म्हणतो 'प्रॉक-मॅक्रो डिराइव्ह पॅनिक झाला', मेसेज खाली मदत म्हणून चिकटवतो आणि रेघ डिराइव्हखाली ओढतो. मॅक्रो लिहिणाऱ्याने काहीच तपासलं नाही आणि ते लिटरल टेक्स्ट करून नव्याने बनवलं, तर तयार झालेल्या कोडमध्ये टाइप जुळत नाहीत, रेघ परत डिराइव्हखालीच, वर 'हा एरर डिराइव्ह मॅक्रोमधून आला आहे' अशी टीप, म्हणजे वापरणाऱ्याला वाटतं लायब्ररीच बिघडली. आणि नीट केलं तर असं :

एरर: 'कमाल' ला पूर्ण संख्या हवी, टेक्स्ट नको
४ | #[तपास(कमाल = "१२०")]
  |               ^^^^^

हे करायला कष्ट फार नाहीत. सिन नावाच्या क्रेटमध्ये (रस्टमधल्या लायब्ररीला क्रेट म्हणतात) एरर हा टाइप आहे, तो मेसेज आणि स्पॅन दोन्ही धरून ठेवतो आणि शेवटी स्वतःचं रूपांतर कंपाइल_एरर! च्या टोकन्समध्ये करतो. यातली खुबी बघण्यासारखी आहे. स्टेबल कंपायलरवर दोन स्पॅन जोडून एक मोठा स्पॅन करायची सोय बराच काळ नव्हती, मग 'व्हेक<स्ट्रिंग>' अशा चार-पाच टोकनांच्या टाइपखाली पूर्ण रेघ ओढायची कशी? सिनने केलं असं की कंपाइल_एरर! या हाकेच्या पहिल्या टोकनांना चुकीच्या मजकुराच्या पहिल्या टोकनाची जागा दिली आणि शेवटच्या कंसाला शेवटच्या टोकनाची. कंपायलर हाकेच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ ओढतो, त्यामुळे आपोआप सगळा टाइप अधोरेखित होतो. जी हाक कोणी लिहिलेलीच नाही तिचं एक टोक इथे आणि दुसरं तिथे.

जे मॅक्रोला स्वतःला तपासता येत नाही (उदाहरणार्थ एखाद्या टाइपला अमुक ट्रेट, म्हणजे ठरलेल्या क्षमतांचा संच, आहे का, कारण मॅक्रो चालतो तेव्हा टाइपची माहिती तयारच नसते) त्यासाठी कोट_स्पॅन्ड! वापरून एक रिकामं स्ट्रक्ट तयार करतात, त्याच्या व्हेअरमध्ये ती अट घालतात आणि त्याला वापरणाऱ्याच्या टाइपचा स्पॅन देतात. अट मोडली की कंपायलरचा नेहमीचा एरर येतो, पण योग्य जागी येतो.

मात्र स्पॅन हा नुसता पत्ता नाही, नाव कुठल्या घरातलं समजायचं हेही तोच ठरवतो, आणि इथे लोक हमखास अडकतात. एरर चांगला यावा म्हणून आपल्या आतल्या तात्पुरत्या व्हेरिएबलला वापरणाऱ्याचा स्पॅन दिला की ते व्हेरिएबल वापरणाऱ्याच्या त्याच नावाच्या व्हेरिएबलशी भिडतं. यावर उतारा म्हणजे नावासाठी मिक्स्ड_साइट आणि जागेसाठी लोकेटेड_ॲट, दोन्ही १.४५ पासून (जुलै २०२०) आहेत. दुसरा ताप क्लिपीचा, म्हणजे कोडमधल्या खटकणाऱ्या गोष्टी दाखवणाऱ्या रस्टच्या टूलचा : स्पॅन वापरणाऱ्याचा दिसला की क्लिपीला वाटतं कोड त्यानेच हाताने लिहिलाय, मग न लिहिलेल्या कोडबद्दल त्याला बोलणी खावी लागतात.

एकाच वेळी एकच चूक सांगून थांबू नये, सगळ्या गोळा करून एकदम द्याव्यात (सिनच्या एररमध्ये कंबाइन त्यासाठीच आहे), हे सगळे मान्य करतात पण करतात कमी जण. त्याहून दुर्लक्षित म्हणजे एरर देतानाही काहीतरी कोड परत द्यायचा असतो. ॲट्रिब्यूट मॅक्रो जे परत देतो ते मूळ कोडच्या जागी बसतं, म्हणून त्याने फक्त कंपाइल_एरर! परत केला तर मूळ फंक्शनच गायब होतं, मग ते जिथे जिथे वापरलंय तिथे 'असं फंक्शन सापडत नाही' अशी रांग लागते, खरा एरर तिच्यात बुडतो, आणि एडिटरमधलं रस्ट-ॲनालायझरही सजेशन देणं सोडतं. मूळ आयटम जसाच्या तसा आणि सोबत एरर, हा सोपा इलाज. डिराइव्हला मूळ आयटमची काळजी नाही, पण ट्रेटचं एक पोकळ इंप्लिमेंटेशन दिलं तर पुढची रांग तिथेही टळते.

साध्या मॅक्रो_रूल्समध्ये (नमुना आणि त्याचा विस्तार अशा शाखा लिहून केलेल्या मॅक्रोत) सोय याहून तोकडी आहे. शेवटी एक सर्वांना सामावणारी शाखा ठेवून तिच्यात कंपाइल_एरर! लिहायचा, आणि कॉन्कॅट! व स्ट्रिंगिफाय! वापरून वापरणाऱ्याचाच तुकडा मेसेजमध्ये गुंफायचा. नाहीतर 'या टोकनची अपेक्षा नव्हती' एवढंच मिळतं.

वॉर्निंग, टीप, सुचवलेली दुरुस्ती हे सगळं मॅक्रोतून देता यावं म्हणून डायग्नॉस्टिक नावाचं एपीआय आहे पण ते नाइटलीवरच (कंपायलरच्या रोजच्या प्रायोगिक आवृत्तीतच) राहिलंय, म्हणून वॉर्निंग हवी असेल तर लोक एक डेप्रिकेटेड ('हे आता वापरू नका' अशी खूण असलेला) आयटम तयार करून तो मुद्दाम वापरतात, म्हणजे परत ऋण लांबीच्या ॲरेचीच जात. प्रॉक-मॅक्रो-एरर या लोकप्रिय क्रेटने ही उणीव बरीच वर्षं भरून काढली, २०२४ मध्ये त्याची देखभाल बंद असल्याची नोंद रस्टच्या सुरक्षा-सूचनांमध्ये झाली. ट्रेट न जुळल्याचा मेसेज बदलायची सोय (डायग्नॉस्टिक::ऑन_अनइंप्लिमेंटेड) मे २०२४ च्या १.७८ मध्ये सगळ्यांना मिळाली, त्यामुळे काही ठिकाणी मॅक्रोत तपासण्याची गरजच राहिली नाही.

एरर मेसेजची टेस्ट लिहायला ट्रायबिल्ड वापरतात : चुकीचा कोड एका फाइलमध्ये, अपेक्षित आउटपुट शेजारच्या एसटीडीईआरआर फाइलमध्ये, अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. कंपायलरची नवी आवृत्ती आली की त्याच्या मेसेजचे शब्द बदलतात आणि आपलं काही न चुकता टेस्ट पडतात, म्हणून बरेच जण त्या एकाच ठरलेल्या आवृत्तीवर चालवतात.

इतर भाषा

जावात ॲनोटेशन प्रोसेसरला जावा ६ (२००६) पासून मेसेजर मिळतो, त्याला मेसेजसोबत एलिमेंट दिला की जागा कळते. स्कालात २.१० पासून अबॉर्ट, एलिक्सिरमध्ये कंपाइलएरर, निममध्ये एरर प्रोसीजरला नोड देता येतो. स्विफ्टचे मॅक्रो ५.९ मध्ये (२०२३) आले ते मात्र पहिल्या दिवसापासून एरर, वॉर्निंग आणि फिक्स-इट घेऊनच आले.

देवनागरी

रस्टमध्ये जून २०२१ च्या १.५३ पासून फील्डची नावं मराठीत ठेवता येतात आणि मेसेज तर आधीपासूनच मराठीत लिहिता येतो. पण रेघ नेमकी अक्षराखाली येईलच असं नाही, कारण मात्रा आणि जोडाक्षरं किती रुंद धरायची यावर कंपायलर आणि टर्मिनल यांचं जुळत नाही, मग बाणांची ओळ एक-दोन घरं सरकते. शिवाय 'दऱ्या' मधला ऱ्य काही कीबोर्ड न दिसणारा झिरो-विड्थ जॉइनर टाकून बनवतात, तो नावात चालत नाही. ऱ हे अक्षर वापरून टाइप केलेला 'दऱ्या' चालतो, आणि स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात.