हेडी लमारने वायफाय शोधलं नाही. शोधलं ते हे

‘वायफाय हॉलिवूडची अभिनेत्री हेडी लमारने शोधलं’ हे वर्षानुवर्षं फिरतंय. ते चूक आहे. तिला आणि संगीतकार जॉर्ज अँथाइलला ११ ऑगस्ट १९४२ रोजी मिळालेलं पेटंट पाणतीराच्या (टॉर्पेडोच्या) रेडिओ नियंत्रणाचं होतं. जहाजात आणि पाणतीरात सारखीच भोकं पाडलेल्या कागदी पट्ट्या, आपोआप वाजणाऱ्या पियानोत असतात तशा, एकाच वेगाने फिरायच्या. भोकांप्रमाणे दोन्हीकडची फ्रिक्वेन्सी एकदम बदलायची, म्हणजे शत्रूला संदेशात अडथळा आणणं अवघड. जहाजावर सात फ्रिक्वेन्सी, पाणतीरात चार. उरलेल्या तीन शत्रूला चकवायला! पट्ट्यांचा मेळ चुकला की पाणतीर बहिरा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी नौदलाने हे वापरलं नाही. फ्रिक्वेन्सी बदलत राहण्याचं तत्त्व आज ब्लूटूथमध्ये आहे. हल्लीचं वायफाय वेगळ्या पद्धतीने चालतं. तिचं खरं काम एवढं सुंदर असताना खोटं श्रेय कशाला?